एफोद आणि हिशेबाची पेटी

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला घरी कधी कोणी न विचारलेले प्रश्न परक्या शहरात विचारले जातात. आम्ही जन्माने मराठी ख्रिस्ती आणि पेशाने केंद्र सरकारचे कारकून. कचेरीतील आमचे स्नेही डबा खाता खाता विचारतात, “तुमचा पाद्री आणि आमचा भटजी यांत फरक तो काय?” प्रश्न थट्टेचा असतो, परंतु त्याचे उत्तर थट्टेवारी देता येत नाही. कारण ज्या ग्रंथाचा आधार सांगून आमचे पाळक वेदीपाशी उभे राहतात, त्या ग्रंथातच या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि ती सहजासहजी जुळणारी नाहीत.

जुन्या करारातील याजक हा खरोखरच आपल्या ओळखीचा माणूस आहे. तो एका कुळात जन्मतो. लेवीचा वंश, त्यातही अहरोनाचे घराणे, एवढ्यांनाच वेदीजवळ जाण्याचा अधिकार. त्याचा पोशाख ठरलेला, आहार ठरलेला, विटाळाचे नियम ठरलेले. अंगात व्यंग असेल तर त्याने वेदीजवळ येऊ नये, असाही एक नियम लेवीयात सापडतो. आपल्याकडील कोणत्याही वेदशाळेतील जुन्या शास्त्रीबुवांना हे प्रकरण वाचून दाखविले, तर त्यांस ते मुळीच परके वाटणार नाही.

नव्या करारात मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. तेथे मंडळीच्या पुढाऱ्यांना ‘याजक’ हा शब्द एकदाही लावलेला नाही. त्यांना वडील म्हटले आहे, अध्यक्ष म्हटले आहे, सेवक म्हटले आहे. याजक मात्र नाही. हा शब्द तेथे एक तर स्वतः ख्रिस्ताला लावला जातो, किंवा मग साऱ्याच विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला. इंग्रजीतील ‘प्रीस्ट’ हा शब्ददेखील मुळात ‘प्रेस्बिटेरॉस’ म्हणजे वडीलधारा या ग्रीक शब्दाचाच झिजलेला अवतार आहे; वेदी आणि यज्ञ यांच्याशी त्याचा जन्मतः संबंध नव्हता. (आपला ‘पाद्री’ तर पोर्तुगिजांकडून आला. त्याचा अर्थ पिता. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, असे आपल्या शिष्यांना बजावणाऱ्या गुरूच्या अनुयायांनी नेमका हाच शब्द उचलावा, हा भाषेचा खट्याळपणाच म्हणावयाचा.) तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहू लागला, त्या सुमारास बिशपाला याजकाची भाषा उघडपणे लागू झालेली दिसते. पुढे १५२० साली लूथरने सारेच ख्रिस्ती याजक आहेत असे ठणकावून सांगितले. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली, सर्वांचे याजकपण मान्य करूनही, दीक्षित धर्मगुरूचे याजकपण निराळ्या जातीचे आहे ही आपली भूमिका कायम ठेवली. या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही आणि आमचा तो विषयही नाही.

आमचा प्रश्न अधिक साधा आहे. पाळकाला याजक म्हणा वा न म्हणा, याजकाचे मानपान तर त्याने घेतलेलेच आहेत. पुढची खुर्ची, हाताचे चुंबन, ‘देवाचा अभिषिक्त’ ही उपाधी, हे सारे जुन्या करारातून आले. मग त्याच करारात याजकावर जी बंधने घातली आहेत, ती कोठे गेली? मान लेवीयातून घ्यावयाचा आणि जबाबदारीच्या वेळी मात्र आपण नव्या कराराच्या स्वातंत्र्यात आहो असे म्हणावयाचे, हा व्यवहार आम्हांस प्रामाणिक वाटत नाही.

पहिले बंधन जमिनीचे. कनान देशाची वाटणी झाली तेव्हा बारा वाटे पडले, परंतु लेवीला त्यांत वाटा मिळाला नाही. परमेश्वरच त्याचा वाटा, असे गणना या पुस्तकात सांगितले आहे. लोकांनी दिलेल्या दशमांशावर लेवीयांनी जगावे, आणि त्या दशमांशाचाही दशमांश त्यांनी पुढे याजकाला द्यावा. म्हणजे घेणाराही देण्यातून सुटलेला नाही. आता कोणी म्हणेल की लेवीयांना अठ्ठेचाळीस नगरे आणि भोवतालची गायराने मिळाली होती. ते खरे आहे. राहण्यास घर आणि गुरांना चारा एवढे त्यांस होते. नव्हती ती जहागीर. ज्याच्या हाती लोकांचा देव आहे, त्याच्या हाती लोकांची जमीन असू नये, एवढा शहाणपणा त्या भटक्या टोळ्यांना होता.

आपल्या देशातील मंडळ्यांची आजची स्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. परदेशी मिशने गेली आणि शहरांच्या ऐन मध्यभागी शाळा, रुग्णालये, बंगले आणि मोकळी मैदाने मागे ठेवून गेली. मिशनने ती घेतली तेव्हा ती गावाबाहेरची माळराने होती. आज त्यांचे मोल चौरस फुटांत मोजतात. त्यामुळे बिशपाची निवडणूक ही पुष्कळदा मेंढपाळाची निवडणूक राहत नाही, ती विश्वस्ताची निवडणूक होते, आणि विश्वस्ताच्या निवडणुकीत जे जे होते ते ते तिच्यात होते. दक्षिण भारत मंडळी १९४७ च्या सप्टेंबरात मद्रासला आणि उत्तर भारत मंडळी १९७० च्या नोव्हेंबरात आपल्या नागपूरला स्थापन झाली. निरनिराळ्या परंपरांच्या लोकांनी आपापले अभिमान बाजूस ठेवून एक होण्याचा हा प्रयोग जगात दुर्मीळ होता. बिशप, प्रेस्बिटर आणि डीकन ही तीन पदे सर्वांनी मान्य केली. कोणाचा हात कोणाच्या डोक्यावर ठेवला म्हणजे दीक्षा खरी, यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली. डोक्यावरील हाताचा इतका बारकाईने विचार करणाऱ्यांनी तिजोरीवरील हाताचाही तितकाच विचार करावयास हवा होता.

येथे नारायण वामन टिळकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांनी १९१७ साली मिशनच्या पगारी नोकरीचा राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा घाट घातला. पुढे दोनच वर्षांत ते गेले. त्या दरबाराचे संघटन टिकले नाही, आणि व्यवहारी माणसे त्याला कवीचा लहरीपणा म्हणतील. परंतु परमेश्वरच आपला वाटा हे वाक्य मराठी भूमीत कोणी अक्षरशः घेतले असेल तर ते या माणसाने, असे आम्हांस वाटते.

तथापि सर्वांनीच टिळक व्हावे ही अपेक्षा अन्यायाची होईल. पाळकाला बायकामुले असतात, घरभाडे असते. पौलाने करिंथच्या मंडळीकडून आपल्यासाठी पैसा घेतला नाही, पण त्याच पत्रात त्याने वेदीची सेवा करणाऱ्याचा वेदीवर हक्क असतो हेही बजावून सांगितले. व्रतस्थ संघांतील कॅथलिक धर्मगुरू आणि भगिनी दारिद्र्याचे व्रत घेतात, त्यांचा प्रश्न निराळा. अनुदानित शाळांत शिकविणाऱ्या अशा व्रतस्थांचा पगार त्यांच्या संघाकडे जातो. तेव्हा त्यावर मुळातून आयकर कापावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने कर कापलाच पाहिजे असा निर्णय दिला. आमच्यासारख्या कारकुनाला हा निर्णय समजण्यास कठीण नाही: पगार ज्याच्या नावे निघतो त्याचा तो पगार, पुढे त्याने तो कोठे द्यावा हा त्याचा प्रश्न. पण व्रताच्या बाजूनेही एक म्हणणे आहेच. ज्याने ‘माझे’ हा शब्दच सोडला आहे, त्याच्या नावे पगारपत्रक काढणे ही सरकारची सोय आहे, सत्य नव्हे. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असल्या, तरी राज्याने आपली सोय सांभाळली याबद्दल राज्याला दोष देता येणार नाही.

आता पेटीकडे येऊ. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात योवाश राजाची एक हकीकत आहे. तिच्यावर प्रवचन झालेले आम्ही फारसे ऐकलेले नाही, आणि सरकारी हिशेबाशी संबंध असलेल्या प्रत्येक वाचकाने ती एकदा तरी वाचावी अशी आमची शिफारस आहे. योवाशाने आज्ञा केली की मंदिरात येणारा पैसा याजकांनी घ्यावा आणि त्यातून मंदिराची डागडुजी करावी. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी भिंतीला एक दगड लागला नव्हता. पैसा येत होता, डागडुजी होत नव्हती. येथे ग्रंथकार याजकांना चोर म्हणत नाही. चोरीचा पुरावाही तो देत नाही. तो एवढेच नोंदवितो की काम झाले नाही. लेखापरीक्षणाच्या टिपणात आपण ‘खर्चाचा विनियोग आढळून येत नाही’ असे लिहितो, अगदी तोच सूर!

मग यहोयादा याजकाने काय केले? त्याने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीशेजारी, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवली. उंबरठा राखणारे याजक आलेला पैसा तिच्यात टाकीत. पेटी भरली म्हणजे राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक असे दोघे येत, दोघांसमक्ष पैसा मोजला जाई, थैल्यांत बांधला जाई, आणि तोलून कामावरील मुकादमांच्या हाती दिला जाई. दोषार्पणाचा आणि पापार्पणाचा पैसा मात्र या खात्यात येत नसे; तो याजकांचा होता आणि त्यांच्याकडेच राही. म्हणजे स्वतंत्र लेखाशीर्ष, दोन अधिकाऱ्यांची संयुक्त मोजणी, आणि वसूल करणारा व खर्च करणारा यांची फारकत: ख्रिस्तपूर्व काळातील या एका परिच्छेदात आमच्या वित्तीय नियमावलीचा बराचसा भाग येऊन जातो. आणखी एक गोष्ट अशी की याजकांनी या व्यवस्थेला संमती दिली. लोकांकडून आपण पैसा घेणार नाही आणि डागडुजीही आपल्याकडे ठेवणार नाही, हे त्यांनी मान्य केले. आपल्यावर अविश्वास दाखविला म्हणून कोणी रुसून बसल्याची नोंद नाही.

गमतीचा भाग पुढे आहे. ज्या मुकादमांच्या हाती पैसा दिला, त्यांच्याकडून हिशेब मागितला जात नसे, कारण ते सचोटीने वागत. प्रमुख याजकासमोर चिटणीस बसविला जातो आणि मुकादमाला मोकळे सोडले जाते. आमच्या मंडळ्यांत आज याच्या अगदी उलट दिसते. रंगाऱ्याकडून पावती मागतात, शिपायाने आणलेल्या मेणबत्त्या मोजतात, आणि सर्वांत मोठ्या सहीसमोर सर्व माना खाली जातात.

हे एकच उदाहरण आहे असेही नाही. बाबेलहून यरुशलेमेस परतताना एज्राने मंदिराचे सोने-रुपे बारा प्रमुख याजकांच्या हाती तोलून दिले, आणि पोहोचल्यावर चौथ्या दिवशी ते पुन्हा तोलून, एकूण वजन लिहून घेतले. वाटेत चोरांची भीती होती हे खरे, पण याजकांना तराजूपुढे उभे करण्यात त्याला काही अप्रतिष्ठा वाटली नाही. पौलाने गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, आणि देवासमोर तर खरेच, पण माणसांसमोरही आपण निर्दोष दिसले पाहिजे असा त्याचा खुलासा त्याने लिहून ठेवला. ‘आम्ही फक्त देवाला उत्तर देतो’ असे म्हणणाऱ्या धर्मनेत्याने पौलाच्या या खुलाशाचे काय करावे हे एकदा सांगावे.

याउलट एक आख्यान मात्र आवडीने सांगितले जाते, ते कोरहाचे. कोरह आणि त्याचे अडीचशे साथी मोशे-अहरोनाविरुद्ध उठले. सारी मंडळीच पवित्र आहे, मग तुम्हीच काय म्हणून वर चढता, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यांचा नाश झाला. पाळकाच्या कारभारावर कोणी बोट ठेवले की त्याला कोरह ठरविण्यात येते. दुसरा आवडता आधार दाविदाचा. परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकणार नाही म्हणून त्याने गुहेत हाती आलेल्या शौलाला सोडून दिले. हे वाचणारे बहुधा अर्ध्यावरच पुस्तक मिटतात. दाविदाने हात टाकला नाही, पण गुहेबाहेर येऊन शौलाच्या तीन हजार निवडक माणसांच्या देखत त्याने त्याचा अन्याय मोठ्याने सांगितला. आणि कोरहाला हिशेब नको होता, त्याला पद हवे होते. पावती मागणे आणि गादी मागणे यांतला भेद ज्यांना उमगत नाही, किंवा उमगूनही जे तो लपवितात, त्यांच्या हाती कोरहाची कथा देणे धोक्याचे आहे.

यापेक्षा कठीण प्रश्न एलीचा. एली हा वाईट याजक नव्हता. त्याचे पुत्र हफनी आणि फिनहास वेदीवरचे मांस जबरदस्तीने उचलीत, सेवेला येणाऱ्या स्त्रियांशी दुर्वर्तन करीत. म्हाताऱ्या एलीने त्यांची कानउघाडणी केली. परंतु तेवढीच. त्याच्यावर जो दोष ठेवला गेला तो पाप केल्याचा नाही. ठाऊक असून आवर न घातल्याचा आहे. वरिष्ठाची जबाबदारी समज देण्यापाशी संपत नाही, हे तत्त्व याहून स्पष्ट कोठे सांगितलेले आम्हांस माहीत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. ख्रिस्ती शिबिरांत मुलांचा अमानुष छळ करणाऱ्या एका बॅरिस्टराचे प्रकरण २०१३ साली त्यांच्या कानी आले असता त्यांनी अधिक पाठपुरावा करावयास हवा होता, असा चौकशी अहवालाचा निष्कर्ष होता. अपराध त्यांचा नव्हता. अपराधी दीक्षित पाळकही नव्हता आणि तोपर्यंत मरूनही गेला होता. तरी पद सोडावे लागले. कोणी याला अतिरेक म्हणाले. एलीचे प्रकरण ज्याने वाचले आहे त्याला तसे म्हणता येणार नाही.

येथे एक आडवा प्रश्न येतो आणि तो आमच्या मते सर्वांत गुंतागुंतीचा आहे. याजकच भ्रष्ट निघाला तर त्याने दिलेला बाप्तिस्मा, लावलेली लग्ने, वाहिलेली अर्पणे यांचे काय? चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील मंडळी या प्रश्नावर दुभंगली. डायोक्लेशनच्या छळात ज्यांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले, त्यांच्या हातची दीक्षा अवैध, असे दोनातुसचा पक्ष म्हणे. ऑगस्टीनने त्याला विरोध केला. संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्या हाताचा नाही. हात मळका असला तरी घेणाऱ्याचे नुकसान होत नाही. सरकारी नोकराला हे ओळखीचे वाटेल. १९८१ साली गोकराजू रंगराजू खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असेच ठरविले की न्यायाधीशाची नेमणूक पुढे अवैध ठरली तरी त्या काळात त्याने दिलेले निवाडे तेवढ्याने रद्द होत नाहीत. लोकांनी कोणाकोणाच्या नेमणुकीचे कागद तपासत बसावे?

आम्हांस ऑगस्टीनचे म्हणणे पटते. मात्र ते कोणाच्या रक्षणासाठी आहे हे विसरले जाते. तो सिद्धान्त बाप्तिस्मा घेणाऱ्या मुलासाठी आहे, लग्न लावून घेणाऱ्या जोडप्यासाठी आहे. मळक्या हातासाठी तो नाही. न्यायाधीशाचे निवाडे टिकले म्हणून त्याची नेमणूक टिकली नाही. ‘माझ्या हातून देव काम करीतच आहे’ हे वाक्य जेव्हा चौकशीला सामोरे जाणारा धर्मगुरू स्वतःच्या बचावासाठी उच्चारतो, तेव्हा तो ऑगस्टीनचे कवच लोकांच्या अंगावरून काढून स्वतः चढवीत असतो. आणि आमचा भोळा समाज, आपल्या मुलांचे बाप्तिस्मे खोटे ठरतील या भीतीने, त्याला ते चढवू देतो.

जन्माचा प्रश्न आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तत्त्व म्हणून तो इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने निकालात काढला आहे. येशू यहूदाच्या वंशातला. त्या वंशाविषयी मोशेने याजकपणासंबंधी एक शब्दही सांगितलेला नाही. तो मलकीसदेकासारखा याजक, ज्याच्या वंशावळीचा पत्ता नाही. म्हणजे वंशावळीचा दाखला तेथेच फाडला गेला. तरी व्यवहारात तो चिकटवून पुन्हा वापरात आणला गेला. मोठी पदे गोऱ्यांच्याच वाट्याला जातात हे शल्य उरी बाळगणारे गोव्याचे धर्मगुरू १७८७ च्या पिंटोंच्या कटात सापडले. अँग्लिकन मंडळीला पहिला भारतीय बिशप करण्यास १९१२ साल उजाडावे लागले, ते व्ही. एस. अझरिया. दलित समाजातील पहिले कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, यांस ते पद २०२२ साली मिळाले. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली संपविले तेव्हा आमच्या काही ख्रिस्ती स्नेह्यांनी समाधान व्यक्त केले होते; त्यांनी आपल्या मंडळीच्या समितीतील आडनावेही एकदा वाचून पाहावीत.

राहिला प्रश्न पदत्यागाचा. लेवीयांना निवृत्तिवय होते हे किती जणांस ठाऊक आहे? पंचविसाव्या वर्षी सेवेत यावे, पन्नासाव्या वर्षी सेवेतून मोकळे व्हावे, पुढे वाटल्यास भाऊबंदांना मदत करावी, पण काम करू नये, असे गणनेत सांगितले आहे. ‘मदत करावी पण काम करू नये’ ही मर्यादा निवृत्तीनंतरही रोज कचेरीत येऊन बसणाऱ्या काही साहेबांना मुद्दाम दाखविण्याजोगी आहे. कॅथलिक बिशपाने पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करावयाचा असतो, आणि २०१३ साली तर सोळाव्या बेनेडिक्ट पोपनेच पद सोडले. आमच्या काही मंडळ्यांत मात्र निवृत्तिवय वाढवून घेण्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

प्रमुख याजकाला ही वयोमर्यादा नव्हती. तो मरेपर्यंत त्या पदावर राही. तरीसुद्धा अहरोनाच्या बाबतीत जे घडले ते वाचण्यासारखे आहे. त्याचा अंत जवळ आला तेव्हा मोशेने त्याला आणि त्याचा पुत्र एलाजार याला होर डोंगरावर नेले. साऱ्या मंडळीच्या देखत ते तिघे वर चढले. बारा वंशांची नावे खांद्यांवर आणि छातीवर वागविणारी ती वस्त्रे, एफोद आणि ऊरपट, अहरोन जिवंत असतानाच त्याच्या अंगावरून उतरविण्यात आली आणि एलाजाराच्या अंगावर घालण्यात आली. त्यानंतर अहरोन तेथेच डोंगरमाथ्यावर मरण पावला, आणि मोशे व एलाजार दोघेच खाली उतरले.